देवाला विचारलं, की सांगितलं?



आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना व्हायची. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मिशनच्या आवारात आम्हाला दोन खोल्या होत्या. वडील शिक्षक होते. कंदिलाची काच पुसून झाली, की आई आम्हा भावंडांना हाक मारायची. एकानं बायबलमधला भाग वाचायचा, मग सगळ्यांनी मिळून एक गीत म्हणायचं आणि शेवटी आईनं प्रार्थना करायची, असा ठरलेला क्रम होता. आईची प्रार्थना म्हणजे एक यादीच असे. रॉकेल संपत आलंय, शेळी दोन दिवस चारा खात नाही, धाकट्याचं गणित कच्चं आहे, शेजारच्या म्हातारीचा खोकला हटत नाही, वडिलांचा पगार या महिन्यात तरी वेळेवर व्हावा, उद्या सकाळची एसटी चुकू नये. डोळे मिटलेले असले तरी आम्हाला हसू फुटायचं. दादा मला कोपरानं ढोसायचा आणि मी त्याला.

एकदा वडील आईला म्हणाले, "अगं, देवापुढं इतक्या बारीकसारीक गोष्टी कशाला?" आई म्हणाली, "मग मोठ्या तेवढ्या देवाच्या आणि बारीक कुणाच्या?" वडील शाळेत मोठमोठ्यांना गप्प करायचे, पण त्या दिवशी ते स्वतःच गप्प झाले.

हे आज आठवण्याचं कारण असं, की आजच्या भाषणाचा विषय आईच्या त्या यादीतच आहे. रोजच्या जगण्यात देवाला वाट विचारायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि त्यानं ती दाखवली, हे आपल्याला कळायचं कसं? ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात 'प्रभूनं मला दाखवलं', 'प्रार्थनेत मला उत्तर मिळालं', 'देवाची इच्छा आहे' ही वाक्यं फार सहज येतात. माझ्याही बोलण्यात येत असत. आता मी ती जरा जपून वापरतो. का, तेही सांगणार आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण ख्रिस्ती नसतील. त्यांना वाटत असेल, की प्रार्थना म्हणजे रविवारी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकायचे. तेही आहेच. पण येशू ख्रिस्तानं शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात देवाचं राज्य येवो या मागणीच्या पाठोपाठ रोजची भाकर आहे. स्वर्ग आणि भाकर यांच्यामध्ये त्यानं फार अंतर ठेवलं नाही. त्यामुळे आईच्या यादीतल्या रॉकेलला आधार भक्कम होता.

जुन्या करारात नहेम्या नावाच्या माणसाची गोष्ट आहे. प्रार्थना आणि व्यवहार यांची सांगड कशी घालावी, हे मला त्याच्याइतकं कुणी शिकवलं नाही. काळ ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाचा. नहेम्या हा यहूदी माणूस पारसाच्या अर्तहशश्त राजाच्या दरबारात प्यालेबरदार होता. राजाला द्राक्षारसाचा प्याला द्यायचा, म्हणजे फार विश्वासाची जागा. किसलेव महिन्यात, म्हणजे आपल्या हिशेबानं नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, त्याला यरुशलेमची बातमी कळली. शहराचा कोट पडलेला, वेशी जळालेल्या. तो खाली बसून रडला, उपास केले, प्रार्थना केली. आता गंमत पाहा. राजापुढं हा विषय निघतो तो निसान महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलकडे. मधे चार महिने गेले. या चार महिन्यांत नहेम्या काय करत होता, ते शास्त्र तपशिलानं सांगत नाही. पण राजानं एक दिवस विचारलं, 'तुझा चेहरा का उतरला आहे?' आणि सगळं ऐकून पुढं विचारलं, 'मग तुला काय हवं?', तेव्हाच्या उत्तरावरून आपल्याला ते कळतं.

राजाचा प्रश्न आणि नहेम्याचं उत्तर यांच्यामध्ये एक छोटंसं वाक्य आहे. त्यानं स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, असं ते वाक्य सांगतं. राजा समोर बसलेला, राणी शेजारी, उत्तराची वाट पाहणारे दोघं. अशा वेळी किती लांब प्रार्थना करता येणार? एक श्वास घेण्याइतकी. पण त्या एका श्वासानंतर नहेम्या जे बोलतो ते ऐका. मला अमुक दिवसांची रजा हवी. नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं हवीत, म्हणजे ते मला जाऊ देतील. आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे एक पत्र हवं, म्हणजे वेशींना तुळया मिळतील. लाकूड कुठून मिळेल, ते कुणाच्या ताब्यात आहे, त्या माणसाचं नाव काय, हे सगळं त्याला पाठ होतं! चार महिने हा माणूस नुसता डोळे मिटून बसलेला नव्हता. त्यानं देवाला विचारलं आणि चौकशीही केली. यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस कुणाला काही बोलला नाही. रात्री उठून, थोडी माणसं बरोबर घेऊन पडलेला कोट फिरून पाहिला. नंतर शत्रू चालून येतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि पहारेही बसवले. बावन्न दिवसांत कोट पुरा झाला.

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना किती वेळा शिकवली असेल, त्याची गणती नाही. तरी जेव्हा ती स्वतःच्या घरात वापरायची वेळ आली, तेव्हा मला ती आठवली नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एसटीत ड्रायव्हर होता. रात्रपाळीची लांब पल्ल्याची गाडी, अवेळी जेवण आणि सतत बैठक. चाळिशी ओलांडता ओलांडता त्याला मधुमेह निघाला. गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. इतका धिप्पाड माणूस, पण सुईला लहान पोरासारखा भ्यायचा. वहिनी रोज सकाळी टोचायची आणि तो तोंड भिंतीकडे करून बसायचा.

१९९८ साली आमच्या गावी तीन दिवसांच्या उज्जीवन सभा भरल्या. मोठा मांडव होता, कर्णे लावले होते, बाहेरगावाहून एक उपदेशक आले होते. त्यांचं नाव सांगण्याची गरज नाही. बोलणं प्रभावी होतं. शेवटच्या रात्री त्यांनी आजाऱ्यांना पुढं बोलावलं, प्रार्थना केली आणि म्हणाले, ज्यांचा विश्वास आहे त्यांनी आता औषधाचा आधार सोडून द्यावा. दादा पुढं गेला होता. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. मला म्हणाला, "मी रात्रभर प्रार्थना केली. मनाला इतकी शांती वाटली, की काय सांगू. इंजेक्शन बंद करावं, असं प्रभूच सांगतोय. तुला काय वाटतं?"

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, श्रोतेहो. स्वादुपिंडाचं चित्र फळ्यावर काढून दाखवत होतो. तरी मी म्हणालो, "शांती वाटली ना? मग ती देवाकडूनच. विश्वास ठेव."

पुढचं थोडक्यात सांगतो. काही आठवड्यांनी दादाच्या तळपायात चपलेचा खिळा रुतला. मधुमेहानं पायाची संवेदना आधीच कमी झालेली. खिळा रुतल्याचं त्याला कळलंच नाही. जखम चिघळली, साखर वाढलेली, बोटं काळी पडली. दवाखान्यात नेलं तोपर्यंत उशीर झाला होता. आधी बोटं काढली आणि नंतर गुडघ्याखालून पाय.

ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, ते स्वतः प्रार्थना करणारे गृहस्थ होते. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "गुरुजी, मीही प्रत्येक ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करतो. पण प्रार्थना केली म्हणून हात धुवायचे सोडत नाही."

आणि आई. तेव्हा तिची पंचाहत्तरी उलटली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर माझ्याशेजारी बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्यानं देवाला विचारलं होतं, की सांगितलं होतं?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं बरोबर घेऊन हिंडतो आहे. दादाला शांती वाटली, हे खोटं नव्हतं. पण ती कशाची शांती होती? उद्यापासून सुई टोचायची नाही, याची होती. मनानं निर्णय आधीच घेतलेला होता आणि प्रार्थनेत त्यावर फक्त देवाची सही घेतली. माझंही तेच. भावाचा उजळलेला चेहरा मला मोडवेना. त्याला नाही म्हणण्याचं अवघड काम टाळण्यासाठी मी देवाचं नाव पुढं केलं. त्या उपदेशकांना दोष देणं सोपं आहे आणि तो त्यांच्याकडे आहेही. पण दादानं विचारलं होतं मला.

त्यानंतर बरेच महिने मी प्रार्थनेला बसत होतो, पण काही मागत नव्हतो. विचारायचीच भीती बसली होती. त्याच काळात पाळकसाहेबांनी मला पंडिता रमाबाईंची साक्ष, म्हणजे त्यांनी स्वतःच्या श्रद्धेची सांगितलेली हकिकत, वाचायला दिली. १९०७ साली त्यांनी ती इंग्रजीत लिहिली. तिच्यात त्या सांगतात, की ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि जॉन पेटन या तिघांची चरित्रं त्यांच्या वाचनात आली आणि त्यांच्या मनात आलं, की तिकडे या माणसांनी देवावर जसा भरवसा ठेवला, तसा हिंदुस्थानात का ठेवता येऊ नये?

या म्युलरसाहेबांचं नाव मी ऐकलं होतं, पण ते 'चमत्कारवाले' म्हणून. जन्मानं जर्मन असलेल्या या माणसानं १८३६ साली ब्रिस्टलमध्ये अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं. पुढं अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती झाल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. कुणाकडे पैसे मागायचे नाहीत, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्यांचा नेम होता. एवढंच ऐकलं, की माणूस भारावून जातो. पण हाच माणूस पैन् पैचा हिशेब ठेवत होता आणि तो छापून लोकांपुढं मांडत होता, हे कुणी सांगत नाही. आणि देवाची इच्छा ओळखायची कशी, याबद्दल त्यांनी जे लिहून ठेवलं आहे, ते वाचून तर मी पुस्तक मिटून बसलो. ते म्हणतात, पहिलं काम हे, की ज्या बाबतीत विचारायचं, त्या बाबतीत आपल्या मनाला स्वतःची अशी इच्छाच उरू नये. अडचणीचा मोठा भाग इथंच असतो. त्यानंतरही केवळ भावनेवर विसंबू नये, नाहीतर मोठी फसगत होते. मग शास्त्र पाहावं, परिस्थिती पाहावी, प्रार्थना करावी आणि या सगळ्यातून जे ठरेल ते करावं. आईचा व्हरांड्यातला प्रश्न आणि म्युलरसाहेबांची पहिली पायरी यांत मला काही फरक दिसेना.

मनात इच्छाच नको, हे बोलायला सोपं आहे. इच्छा काय खुंटीला अडकवून ठेवता येते? मला वाटतं, निदान ती इच्छा आपल्याला आहे, हे देवापुढं कबूल करावं. 'मला इंजेक्शन नकोय' असं दादा मोकळेपणी म्हणाला असता, तर पुढचं बोलणं वेगळं झालं असतं.

कॅथलिक परंपरेत या विषयाचा फार बारकाईनं विचार झाला आहे. आम्ही प्रोटेस्टंट मंडळी तिकडे फारसं पाहत नाही, हे आमचं नुकसान. संत इग्नेशियस लोयोला हा मुळात स्पेनमधला शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. वाचायला वीरकथा हव्या होत्या, घरात मिळाली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्राची पुस्तकं. पडल्या पडल्या त्याच्या एक लक्षात आलं. दरबार, शौर्य, एखादी थोर स्त्री यांची स्वप्नं रंगवताना मजा वाटते, पण नंतर मन कोरडं होतं. संतांसारखं जगण्याचा विचार केला, की त्या वेळीही बरं वाटतं आणि नंतरही ते समाधान टिकतं. म्हणजे विचार मनात आला तेव्हा कसं वाटलं, एवढंच पाहू नये. तो गेल्यावर मागं काय उरलं, तेही पाहावं. यातून पुढं त्याची आध्यात्मिक साधना तयार झाली. मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असं तो सांगतो. निर्णय सुचेना, तर आपल्याच जागी एक अनोळखी माणूस उभा आहे असं समजावं, त्याला आपण काय सल्ला दिला असता ते पाहावं आणि तोच सल्ला स्वतः पाळावा, हेही त्याचंच. दादाच्या जागी कुणी परका असता, तर मी त्याला नक्की म्हणालो असतो, 'बाबा रे, आधी साखर तपासून घे.' जाता जाता सांगतो, मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, ते याच इग्नेशियसच्या येशूसंघाचे.

आता एक हलकीशी गोष्ट. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री उपासना असते आणि नव्या वर्षासाठी प्रत्येक जण वचन उचलतो. छोट्या छोट्या कार्डांवर शास्त्रातली वचनं छापलेली असतात. काही घरांत वचनांची पेटीच असते. लहानपणी वचन पसंत पडलं नाही, तर आम्ही गुपचूप दुसरं उचलायचो. मला ती प्रथा आवडते, माझं कार्ड अजून पाकिटात असतं. पण त्या पेटीत रागे भरणारं वचन मी आजवर पाहिलेलं नाही. शास्त्रात ती भरपूर आहेत! पेटी भरणारानं ती वगळलेली असतात. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते उत्तर मानायचं, अशीही सवय काहींना असते. संत ऑगस्टीनच्या आयुष्याला ३८६ साली मिलानच्या बागेत असंच पुस्तक उघडून कलाटणी मिळाली, हे खरं. पण त्याआधी कित्येक वर्षं तो तळमळत होता, वाचत होता, वाद घालत होता. बोट पडलं ते त्या सगळ्यानंतर.

गिदोनाचं उदाहरणही लोक देतात. त्यानं खळ्यात लोकर ठेवली आणि देवाकडे खूण मागितली. लोकर दंवानं भिजावी आणि जमीन कोरडी राहावी. तसं झालं. दुसऱ्या रात्री उलट मागितलं, तेही झालं. पण काय करायचं, ते गिदोनाला आधीच सांगितलेलं होतं. त्याला वाट ठाऊक होती, धीर होत नव्हता. देवानं त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं, असं मी ती गोष्ट वाचतो.

मला अधिक जवळची वाटते ती पौलाची हकिकत. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. पौल आणि त्याचे सोबती आसियात वचन सांगणार होते, त्यांना मनाई झाली. बिथुनियाकडे वळले, तिकडेही जाता येईना. दोन्हीकडून अडले आणि समुद्रकाठी त्रोवसला येऊन थांबले. तिथं रात्री पौलाला दृष्टांत झाला. मासेदोनियाचा एक पुरुष विनवतो आहे, की इकडे येऊन आम्हाला साहाय्य करा. आता पौल म्हणजे केवढा माणूस! पण तोही एकट्यानं उठून निघाला नाही. पुढचं वाक्य अनेकवचनी आहे. त्या सगळ्यांनी मिळून अनुमान काढलं, की देव आपल्याला तिकडे बोलावतो आहे. दृष्टांत एकाला झाला, पण त्याचा अर्थ लावला सगळ्यांनी. तिथं पोचल्यावर काय झालं? स्वप्नात पुरुष दिसला होता, भेटली लुदिया नावाची जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई. आणि मग फटके बसले, तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. वाट बरोबर होती तरी हे झालं. आपण मात्र जरा अडचण आली, की म्हणतो, 'देवाची इच्छा नसावी.'

रमाबाईंकडे परत जाऊ. बालविधवांसाठी १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढल्या वर्षी ते पुण्याला आणलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. ती दहा वर्षं संपल्यावर काय, ही चिंता होती. म्हणून त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. हेतू एवढाच, की फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं. साधा, कुणालाही सुचेल असा व्यवहारी विचार. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेगची साथ होती, त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा ही केडगावची जमीन कामी आली. तिथं राहुट्या-झोपड्या उभ्या राहिल्या आणि तेच पुढं 'मुक्ती' झालं. जमीन घेताना हे त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी पुढच्या काही वर्षांचा हिशेब केला होता, बस. म्हणून 'मला प्रभूनं आधीच दाखवलं होतं' असं कुणी छातीठोक सांगू लागलं, की मला केडगावच्या संत्र्या-लिंबांची आठवण येते.

आणि मुक्तीमध्ये नुसत्या प्रार्थना चालत नव्हत्या. तिथं शेती होती, विणकाम होतं, तेलघाणी होती, छापखाना होता. बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्यासाठी रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ भाषांतून भाषांतर केलं. ज्या मुलीनं हे सगळं काम पुढं चालवावं, ती मनोरमा १९२१ साली वारली. तिच्यासाठी या आईनं प्रार्थना केली नसेल का? रमाबाई स्वतः एप्रिल १९२२मध्ये गेल्या. भाषांतराचं काम मात्र पुरं करून गेल्या.

म्हणजे नकारही उत्तरात येतो. पौलानं आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं हा प्याला टळो म्हणून प्रार्थना केली, प्याला टळला नाही. तिथं येशूनं आपली इच्छा लपवली नाही. ती आधी स्पष्ट बोलून दाखवली आणि नंतर पित्याच्या हाती सोपवली. मी मघाशी इच्छा कबूल करण्याबद्दल जे म्हणालो, ते तिथूनच शिकलो.

२००१ साली मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापकाची जागा देऊ केली होती. पगार वाढला असता, मुलीला चांगलं कॉलेज मिळालं असतं. इकडे दादा. पाय गेल्यामुळे ड्रायव्हरकी सुटलेली, डेपोत बसून करायचं हलकं काम मिळालेलं, आई थकलेली. या वेळी मी प्रार्थनेत पहिलं वाक्य हेच म्हणालो, की प्रभू, मला जायचंय. मग वहीच्या एका पानावर जमाखर्च मांडला. बायकोला विचारलं, पाळकसाहेबांना विचारलं, मुलीलाही विचारलं. तीन आठवडे थांबलो. आवाज आला नाही, स्वप्न पडलं नाही, वचनाचं कार्ड काही बोललं नाही. फार शांती वाटली, असंही नाही. शेवटी मी राहिलो. ते बरोबर होतं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. मुलगी कधीतरी चेष्टेनं म्हणते, "बाबा, तेव्हा गेलो असतो तर..." आणि वाक्य अर्धं सोडते. पण राहायचं ठरवलं त्या रात्री मी पुष्कळ महिन्यांनी देवाकडे काहीतरी मागितलं. उद्या सकाळी दादाला हे सांगताना माझा आवाज उपकार केल्यासारखा येऊ नये, एवढंच.

दादाला मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली ती त्यानंतर. तो म्हणाला, "तू नाही म्हणाला असतास, तरी मी ऐकलं नसतं." ते खरं असेल किंवा माझ्यासाठी म्हटलेलं असेल.

आई २००४ साली गेली. रात्रीची प्रार्थना आता दादाच्या घरी होते आणि ती दादाच करतो. साखरेची तपासणी, कृत्रिम पायाचा सैल झालेला पट्टा, नातवाची परीक्षा, वहिनीचे गुडघे, डेपोतले जुने मित्र, असं सगळं त्यात येतं. शेवटी अजूनही एसटी असते. कुठली, कुठं जाणारी, हे तो सांगत नाही. रस्त्यावर असलेल्या सगळ्याच, असं मी समजतो. आमेन म्हटलं, की वहिनी फ्रिजमधली इन्शुलिनची बाटली काढते आणि दादा तोंड भिंतीकडे वळवतो.